उलटी धरलेली लेन्स

वऱ्हाडात कुणी जुनी झूम लेन्स विकायला काढली की घेणारा आधी ती हातात घेतो, तिचं तोंड जमिनीकडे करतो आणि गप्प उभा राहतो. अकोल्यात हेच, अमरावतीत हेच, अंजनगाव सुर्जीच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीपाशी सौदा होत असला तरी हेच. आतली नळी आपल्याच वजनानं खाली घसरली तर लेन्स म्हातारी. जागची हलली नाही तर तरणी. नागपूरचा एक फोटोग्राफर एकदा हे बघून म्हणाला होता, तुम्ही लोक लेन्स घेता की कोंबडी?

ही रीत सूर्यभान ताथोडांनी पाडली. अकोल्यात टिळक रोडजवळ एका जिन्याखाली त्यांचं लेन्स दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, पण चांगलंच लिहीन असं समजू नका. त्यांना मी आजही काका म्हणते, अहो-जाहो करते. ते मानापोटी नाही. जिभेला लागलेलं वळण सुटत नाही, एवढंच.

काका मूळचे बार्शीटाकळीकडचे. घरी काळ्या मातीची शेती, ती भाऊ बघतात. यांना लहानपणापासून वस्तू उघडायची खोड. घरचा रेडिओ उघडला, शेजाऱ्याचं गजराचं घड्याळ उघडलं, फवारणीचा पंप तर इतक्यांदा उघडला की शेवटी आईनं त्यांना अकोल्याला एका घड्याळजीकडे नेऊन बसवलं आणि सांगितलं, काय मोडायचं ते इथं मोड. काका घड्याळात तयार झाले. मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि मनगटं मोकळी झाली. दुकानात माश्या मारायची वेळ आली तेव्हा शेजारच्या स्टुडिओतला एक होतकरू फोटोग्राफर अडकलेली लेन्स घेऊन आला. म्हणाला, "घड्याळ येते त हे काहून नाई येत?" तो देवानंद.

काकांनी लेन्स उघडली आणि आतला बारीक छर्रा टपकन उडून थेट रस्त्यावर गेला. पुढची गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. त्यांनी झाडू घेऊन रस्ता झाडला, घरून पिठाची चाळणी आणली, धूळ चाळली, लोक विचारायला लागले की ताथोडाचं सोनं हरवलं की काय. छर्रा सापडला. लेन्स चालू झाली. काकांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. पुढे देवानंद अमरावतीला गेले, राजकमल चौकाकडे त्यांनी मोठा स्टुडिओ टाकला, आणि ओळखीतल्या प्रत्येकाची लेन्स अकोल्याला पाठवायला सुरुवात केली. "देवानंदनं मले उभं केलं," काका म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी शेवटी ऐकू येईनासं झालं. तेच नीट ऐकायला हवं होतं.

काका साधेभोळे वगैरे मुळीच नव्हते. आपल्या बोटांचा त्यांना भारी गर्व. लेन्स कानाशी नेऊन हलवायचे आणि आत काय सैल झालं ते सांगायचे. खरं निघालं की चारचौघांकडे बघायचे, खोटं निघालं की लेन्स बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालायचे. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर चिमटे, थिनरची बाटली, रबर सैल करायला केस वाळवायचं मशीन, आणि चुन्याच्या दोन डब्या. एकीत पातळ ग्रीस, दुसरीत जाडं. बाजूला स्टुलावर मैनाकाकू, म्हणजे मैनाबाई, त्यांच्या बायको. लेन्सवरची रबरी पट्टी घामानं आणि हळदीनं फुगून ढिली झाली की ती उतरवून काकूंकडे जायची. काकू साबण लावून टूथब्रशनं ती घासत बसायच्या आणि तोंडानं काकांशी भांडत असायच्या.

आमच्याकडे झूम लेन्सचा पहिला वैरी हळद, दुसरा कापसाची धूळ, तिसरं ऊन. झूम म्हणजे लोहाराचा भाता, काका सांगायचे. नळी बाहेर काढली की लेन्स हवा ओढते, हवेबरोबर जे असेल ते ओढते. हळदीच्या मांडवात दिवसभर आत-बाहेर केलेली लेन्स उघडा, आत पिवळं. शिवाय आम्ही खंडेनवमीला कॅमेरे देवापुढे मांडतो आणि घरातली बाई भक्तिभावानं नेमकी झूमच्या फटीवरच हळदकुंकवाची बोटं ओढते. दसऱ्यानंतर काकांकडे रांग लागायची. ते प्रत्येकाला झापायचे, आणि स्वतःच्या चिमट्यांना मात्र कुंकू लावलेलं असायचं.

आता मी. माझं नाव सीमा, गाव अंजनगाव सुर्जी. घरी फुलांचा आणि भाजीचा धंदा. शेवंती, झेंडू, मांडवाची तोरणं, वरमाला. बाबांबरोबर हार पोचवायला लग्नांत जायची तेव्हा फोटोग्राफरच्या मागे मागे फिरायची. पुढे स्वतः कॅमेरा घेतला. तालुक्यात लग्नाचे फोटो काढणारी मुलगी नव्हती, त्यामुळे नवरीच्या खोलीत आणि हळदीला मला बोलवायचे. पण मांडवातलं मुख्य काम, अंतरपाट, सप्तपदी, हे पुरुष फोटोग्राफरला. माझ्याकडे लहान लेन्स होती, लांबून चेहरे धरणारी मोठी झूम नव्हती, हे एक कारण सांगितलं जायचं. दुसरं कारण कुणी सांगत नव्हतं.

काकांकडे पहिल्यांदा गेले ती अडकलेली लेन्स घेऊन. त्यांनी विचारलं, "कोनी पाठोलं? भावाची हाय का?" मी म्हटलं, माझीच आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मंग बस अथी. उघडाले शीक." बाकीच्यांना ते टेबलाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मला शिकवलं. स्क्रू काढले त्याच क्रमानं फडक्यावर कसे मांडायचे, नळी ओढताना आतली पट्टीसारखी वायर कशी तुटू द्यायची नाही, झिजलेले बुश कसे ओळखायचे. बुश म्हणजे नळीच्या अंगावरचे ते चिमुकले गोल तुकडे, जे खाचेतून फिरतात आणि नळीला सरळ धरतात. ते झिजून चपटे झाले की नळी डुलते, घसरते. खरा इलाज एकच, नवे बुश. खोटा इलाजही एकच, दोन नळ्यांच्या मध्ये मखमलीची पट्टी चिकटवायची आणि जाडं ग्रीस भरायचं. मग म्हातारी लेन्ससुद्धा तरणीसारखी घट्ट फिरते.

"हा कलप हाय पोरी," काका म्हणाले होते. "कलप लावून म्हातारा मांडवात उभा राह्यते, पन त्याले पयवाचं नाई. ज्याची लेन्स हाय त्याले सांगूनच पट्टी टाकाची. न सांगता टाकली त थे चोरी."

हे त्यांचेच शब्द. मी काही पदरचं घालत नाही.

मला ते पोरी म्हणायचे, काकू माय म्हणायच्या. अकोल्याला कामाला गेले की जेवण त्यांच्याकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मला आपलं लाड करून घ्यायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. एका दिवाळीत काका कुरकुरत होते की पट्टीसाठी चांगली मखमल मिळत नाही. माझ्याकडे मी फोटो काढलेल्या पहिल्या लग्नाच्या अल्बमचा नमुना होता, त्याची पानं वाळवीनं खाल्ली होती, पण मोरपंखी मखमलीचं वेष्टन शाबूत होतं. तो रंग मी स्वतः निवडला होता. मी ते वेष्टन काकांना नेऊन दिलं. काकूंनी ते मांडीवर पसरून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढी चांगली मखमल कापा लागते का?"

त्याच हिवाळ्यात संक्रांतीच्या सुमारास देवानंदांचा फोन आला. त्यांच्याकडची एक मोठी झूम ते विकायला काढत होते. मी अमरावतीला गेले. वरून लेन्स नव्यासारखी. मी ती उलटी धरली. नळी जागची हलली नाही. रिंग फिरवली, लोण्यासारखी फिरली. देवानंद म्हणाले, "तुह्यासाठी ठेवली हाय बेटा. बाहेर काढली असती त कवाच गेली असती." मी म्हटलं, काकांना एकदा दाखवते. ते हसले. "दाखव ना. त्याले दाखवल्याबिगर घेऊच नोको."

मी ती लेन्स घेऊन अकोल्याला गेले. काकांनी ती हातात घेतली, उलटी धरली, कानाशी नेऊन हलवली. एरवी विकत घ्यायची लेन्स उघडून बघितल्याशिवाय ते घे म्हणत नसत. मी विचारलं, उघडून बघायची नाही का? तर म्हणाले, "चांगल्या बैलाचे दात कोनी मोजते का?" आमच्याकडे चांगल्याच बैलाचे दात मोजतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

"घे पोरी," काका म्हणाले. "डोये झाकून घे."

मी डोळे झाकून घेतली. दोन सीझनची कमाई त्यात गेली. काकूंनी तिळगूळ दिला.

लेन्स आल्यावर मांडवातलं काम मागायला मला तोंड आलं. आणि काम मिळालं तेही तालुक्यातल्या मोठ्या घरचं. खुशालरावांच्या गीतांजलीचं लग्न, मे महिन्यात. खुशालरावांचं गणगोत अचलपूरपासून दर्यापूरपर्यंत पसरलेलं. हे लग्न नीट झालं असतं तर पुढच्या सीझनला मला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. बिघडलं असतं तर पोरीला काम दिलं म्हणून बिघडलं असं झालं असतं. हे मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, आणि काकांनाही ठाऊक होतं, कारण मी त्यांना फोन करून आनंदानं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "वा! आता मोठी झाली तू."

लग्न दुपारचं. त्या दिवशी ऊन असं की मांडवाच्या खांबाला हात लावला तर चटका. सकाळी हळदीच्या घरात लेन्स ठीक होती. दुपारी मंगलाष्टकांच्या वेळी मी शेजारच्या घराच्या गच्चीवर चढले, तिथून स्टेज सरळ खाली दिसत होतं. अंतरपाटाच्या एका बाजूला गीतांजलीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नवरदेवाचा, दोन्ही एका चौकटीत. असा फोटो आमच्या तालुक्यात कुणी काढला नव्हता. मी लेन्स खाली रोखली आणि चित्र आपोआप सरकलं. चेहरे गेले, नुसत्या मुंडावळ्या राहिल्या. मी रिंग मागे ओढली, नळी पुन्हा घसरली. डाव्या हातानं नळी धरून ठेवली तर बोटांना काहीतरी तेलकट लागलं. तेवढ्यात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबत राहिले. पडद्यावर पांढरं. दुसरा पांढरा. तिसरा पांढरा. आतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर गेलं होतं आणि पाती उघडी ती उघडीच चिकटून बसली होती. गळ्यातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढले ते फोटो आले, पण त्यात फेटेच फेटे आणि मध्ये कुठंतरी नवरानवरी.

खुशालराव मला काही बोलले नाहीत. हारांचा हिशेब घ्यायला आलेल्या बाबांना म्हणाले, "पोरीले काम देल्लं, चुकलं माह्यं." बाबांनी मान खाली घातली. ती खाली घातलेली मान मला अजून दिसते. पुढच्या महिन्यातली माझी कामं मग एक एक करून गेली. कुणी सांगितलं मामाचा मुलगा फोटो काढतो, कुणी सांगितलं लग्न साधंच करणार आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पांढरं फडकं पसरलं आणि लेन्स उघडली. काकांनी शिकवलं तशीच, स्क्रू क्रमानं मांडत. मला वाटत होतं उन्हानं काही बिघडलं असेल, माझंच काही चुकलं असेल. शप्पथ सांगते, तोवर एकदाही काकांवर संशय गेला नव्हता. बुश बघितले, झिजून चपटे. जाडं ग्रीस विरघळून जिकडेतिकडे पसरलेलं. मग वरची नळी बाजूला केली आणि दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेली पट्टी दिसली. ग्रीसनं काळवंडली होती. मी ती थिनरनं पुसली. मोरपंखी निघाली.

माझीच मखमल. दिवाळीत दिलेली. म्हणजे पट्टी टाकली ती दिवाळीनंतर आणि संक्रांतीच्या आधी, काकांच्या हातानं. आणि मग तीच लेन्स माझ्यासमोर उलटी धरून काका म्हणाले होते, घे. मी फडक्याशेजारी बसून मोठ्यानं रडले. आई धावत बाहेर आली, तिला वाटलं बोट कापलं.

देवानंदांना फोन केला. ते शांत. "तू उलटी धरून पाह्यली ना? सूर्यभानले दाखवली ना? मंग मी काय करू बेटा?" खरंच, काय करणार ते. ज्या माणसानं अख्ख्या वऱ्हाडाला परीक्षा शिकवली, त्यानंच लेन्सला पास व्हायला शिकवलं होतं. देवानंद मला परका माणूस. परक्यानं फसवलं तर राग येतो, झोप उडत नाही.

मी अकोल्याला गेले. काका टेबलावर वाकले होते, काकू रबर घासत होत्या. मी ती पट्टी त्यांच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काका, तुमाले मालूम होतं?"

"मालूम नसाले काय झालं? म्याच त केली." मग एकदम चिडून, "पन तू एवढ्या उन्हात कावून नेली थे?"

"लग्न उन्हातच असते काका."

टूथब्रशचा आवाज थांबला होता.

"देवानंदनं मले उभं केलं," काका म्हणाले. "त्यानं म्हटलं, हे लेन्स काढाची हाय, घट्ट करून दे, सीमाले देतो. त्याले नाई म्हनू मी?"

"त्याले नाई म्हनू नोका. मले त सांगू शकत होते. तुमीच म्हटलं होतं ना, न सांगता पट्टी टाकली त थे चोरी?"

"अवं पन तुले किती दिस वापराची होती?" हे त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, हट्टी मुलाला समजावतात तसं. "म्या विचार केला, हा सीझन निंगते, पुढचाही निंगते. तवरीक तुह्यं लगन होऊन जाते, तू सासरी जातं. लेन्स पडते कपाटात. मंग कोन पाह्यते बुश झिजले का काय त? दुसऱ्या कोनाले देल्ली असती त त्याचं पोट हाय त्याच्यावर. जिंदगीभर वापरते तो."

त्यांना वाटत होतं की त्यांनी खुलासा केला. पैसा खाल्ला असता, भीतीपोटी केलं असतं, नजरचुकीनं झालं असतं, तर मी एखादेवेळी माफ केलं असतं. पण या माणसानं मला टेबलाशी बसवून शिकवलं, पोरी म्हटलं, आता मोठी झाली म्हटलं, आणि तो सगळा वेळ मनात धरून चालला होता की माझं काम त्या ग्रीसपेक्षा जास्त टिकणार नाही. इतरांचं ते पोट. माझं म्हणजे लग्नापर्यंतचा विरंगुळा. खुशालराव निदान बाबांच्या तोंडावर बोलले होते.

बोलल्या त्या मैनाकाकू. हातातलं रबर तसंच पाण्यात सोडून त्या म्हणाल्या, "हे पट्टी म्या कापली वं माय. मले म्हने, आपल्या सीमाची लेन्स येनार हाय, थे मोरपंखी काढ. म्या हौसेनं कापली." मग नवऱ्याकडे वळल्या. "माह्या हातानं करून घेतलं तुमी."

"दे इकडं थे लेन्स," काका म्हणाले. "बुश मागवतो, नवे टाकतो. फुकटात करून देतो, मंग त झालं?"

"नाई काका."

काकूंनी पत्र्याच्या डब्यातून उरलेली मखमल काढली, घडी केली आणि माझ्या पिशवीत घातली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे न जेवता निघाले. काकू रस्त्यापर्यंत आल्या. काका आले नाहीत.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यात मजा नाही. पासपोर्ट फोटो काढले, बारशी काढली, शाळांची स्नेहसंमेलनं काढली. बाबांबरोबर पुन्हा तोरणं बांधायला गेले, आणि ज्या मांडवात तोरण बांधलं तिथंच दुसऱ्याला फोटो काढताना बघितलं. दिल्लीहून बुश मागवले. पहिल्यांदा बसवताना एक तुटला, दुसऱ्यांदा वायर तुटली, तेव्हा काकांना फोन लावायला हात गेला होता. लावला नाही. त्यांची आठवण येते, याचाच मला जास्त राग येतो. शेवटी पाती धुतली, नवे बुश बसवले, पातळ ग्रीस लावलं, आणि मखमल नाही टाकली.

एक काम मात्र मी मन लावून केलं. कुणी जुनी लेन्स घ्यायला निघाला आणि मला विचारलं, की मी सांगायची, नुसती उलटी धरू नका. आधी सुती फडक्यात गुंडाळून थोडा वेळ उन्हात ठेवा, मग उलटी धरा. चांगल्या लेन्सला तेवढ्या उन्हानं काही होत नाही, कलप मात्र उतरतो. अंजनगावातून हे परतवाड्याला गेलं, तिथून अमरावतीला. लोक लेन्स पत्र्यावर ठेवून शेजारी चहा पीत बसायला लागले. देवानंदांनी मला फोन करून शिव्या दिल्या. बरं वाटलं. अकोल्यात काकांच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावरसुद्धा म्हणे लोक लेन्स उन्हात ठेवतात. हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी सूर्यभान ताथोडांचंच नाव सांगते.

यंदा मे महिन्यात बार्शीटाकळीला एक लग्न मिळालं, मांडवातलं, मुख्य कामाचं. नवरीचं नाव आरती. तिनं माझे हळदीचे फोटो कुठंतरी पाहिले होते आणि घरी अडून बसली होती की फोटो ही ताईच काढेल. तिचं आडनाव ताथोड. काकांच्या भावाची मुलगी. फोनवर तिनं काकांचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

ऊन मागच्यासारखंच. या वेळीही मी गच्चीवर चढले. लेन्स तीच. खाली फेट्यांच्या गर्दीत काका दिसले, मान वर करून माझ्याकडेच बघत होते. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, आरतीनं डोळे वर उचलले आणि नवरदेव गोंधळून दुसरीकडेच बघायला लागला. दोघंही चौकटीत. नळी जागची हलली नाही. एक फोटो काढला, मग दुसरा, मग पुष्कळ काढले.

खाली उतरले तर जिन्याच्या पायथ्याशी काका उभे. थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी हात पुढे केला आणि मी, काय सवय असते बघा, कॅमेऱ्यावरून लेन्स काढून त्यांच्या हातात दिली. ती उन्हानं तापलेलीच होती. त्यांनी ती उलटी धरली आणि गप्प उभे राहिले. नळी घसरली नाही. कानाशी नेऊन हलवली. रिंग अलगद फिरवली, आणि त्यांच्या बोटांना कळलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

"कोनाजवळून केली?"

"मीच केली."

"मखमल?"

"नाई टाकली. बुश बदलले."

ते मान डोलावत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. एक वर्ष मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. चुकलं म्हणाले असते तरी चाललं असतं, शाब्बास म्हणाले असते तरीही. काकांनी लेन्स तशीच उलटी धरून माझ्याकडे पाहिलं आणि मायेनं विचारलं, "मंग लगन नाई केलं का पोरी अजून?"

"काका, लेन्स द्या," मी म्हटलं. "पंगतीचे फोटो राह्यले."

त्यांनी ती सरळ केली आणि माझ्या हातात दिली.